पायगुण आणि मीडियम वेव्ह

माणसाचा पायगुण चांगला की वाईट, हे ठरवायला आमच्याकडे एखादी म्हैस पुरते. सून घरात आली आणि त्याच आठवड्यात म्हैस व्याली, तर सून लक्ष्मी. म्हैस आटली, तर सुनेनं पुढची कित्येक वर्षं त्या म्हशीचा खुलासा देत बसायचं. माझ्याकडे म्हैस नाही. त्यामुळे साठी उलटली तरी माझ्या पायगुणाबद्दल कोणी काही बोललं नव्हतं, आणि मीही विचारायला गेलो नव्हतो. मग भुरीबाईंच्या रेडिओत खरखर सुरू झाली आणि बघता बघता माझा पायगुण बाभुळगावात आधी उत्तम ठरला, नंतर भयंकर. दोन्ही वेळी मी तोच होतो, पायही तेच होते. चपला तेवढ्या मधल्या काळात बदलल्या होत्या, आणि कोणीतरी तेही कारण सुचवून पाहिलं.

मी सदाशिवराव, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. गल्लीत ज्याला अर्ज करायचा असतो तो आधी माझ्याकडे येतो, कारण 'उपरोक्त विषयान्वये' हे शब्द न अडखळता लिहिणारा इथे दुसरा कोणी नाही. शिवाय आता माझ्याकडे कॉम्प्युटर आहे. मुलगा पियुष पुण्याला असतो. त्यानं स्वतःसाठी लॅपटॉप घेतला आणि आपला जुना डबा मला धाडून दिला. त्यावर मी रोज संध्याकाळी आमच्या समाजाची वधू-वर परिचय पुस्तिका टाइप करतो. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. मुलीच्या बापाला मुलीची उंची वाढवून हवी असते आणि मुलाच्या बापाला शेती. मी दोघांनाही नाही म्हणतो आणि दोघांचंही वैर पत्करतो.

अशाच एका सकाळी भुरीबाई ओट्यावर येऊन बसल्या.

"सदाशिवभाऊ, एक अर्ज लिहाचा हाय."

"कोणाच्या नावानं?"

"जो कोनी माह्या रेडिओत खर्र खर्र करून राह्यला त्याच्या."

भुरीबाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या लालसिंगची आई. मूळची मंडळी तांड्यावरची. तूर-सोयाबीनचं शेत अजून तिकडेच आहे, पण लेकरांच्या शाळेसाठी लालसिंगनं इथे घर घेतलं आणि आईलाही आणलं. लालसिंग त्यांना याडी म्हणतो. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. बंजाऱ्यांमध्ये नवरी सासरी निघताना गळ्यात पडून एक रडगाणं म्हणते, त्याला ढावलो म्हणतात. ते भुरीबाईंसारखं म्हणणारी बाई पंचक्रोशीत नाही. मागे रेडिओ केंद्राची माणसं तांड्यावर आली होती, त्यांनी भुरीबाईंचा ढावलो टेप करून नेला होता. आणि आता निरोप आला होता की होळीच्या आधी एका रविवारी, संध्याकाळच्या लोकसंगीताच्या कार्यक्रमात तो लागणार.

"मग चांगलंच आहे की," मी म्हणालो.

"काय चांगलं? रोज सांजच्याले रेडिओ लावला का घर्रर्र, जसं कोनी आत बसून ज्वारी दळून राह्यलं. त्या दिवशी बी असंच झालं त मी काय ऐकू?"

मी त्यांना सांगितलं की आजकाल मोबाइलवरही रेडिओ लागतो. हाच सल्ला त्यांना मोबाइलच्या दुकानवाल्या राजदीपनंही दिला होता. भुरीबाईंनी आम्हा दोघांना एकाच नजरेत निकालात काढलं.

तो रेडिओ त्यांच्या नवऱ्यानं, भावसिंगनं, लग्नानंतरच्या पहिल्या कापसावर यवतमाळहून आणला होता. दोघं रोज संध्याकाळी तो ऐकत. "पन त्या मानसानं मले एक गानं पुरं ऐकू देल्लं नाही, भाऊ," भुरीबाई म्हणाल्या. "मधात मधात बोलत राहाचे. मी म्हनो, अवो, उगेमुगे ऐका ना. त म्हनत, भुरी, हिच्याहून तुहा आवाज चांगला हाय, एक दिवस तुले याच डब्यात बसवतो." भावसिंगला जाऊन काही वर्षं झाली होती. "आता मी डब्यात बसून राह्यली, आन् पाहाले थे नाही. मले निदान साफ त ऐकू येऊ द्या."

मी अर्जाचं काम हाती घेतलं.

अर्ज लिहिण्याआधी प्रत्यक्ष स्थळपाहणी करावी, ही माझी नोकरीतली शिस्त. त्या दिवशी संध्याकाळी मी पुस्तिकेच्या कामाला बसलोच होतो, तेवढ्यात लालसिंग धावत आला. "काकाजी, चाला, आता सुरू हाय, लयच जोरात!" मी उठलो. उठलो म्हणजे रीतसर उठलो. आमच्या घरात खोलीतून बाहेर पडताना दिवा, पंखा, यंत्र सगळं बंद करून, बोर्डाचं बटन पाडून, पिन काढून मगच उंबरा ओलांडायचा असा माझा नियम आहे. नोकरीत असताना मी साहेबांच्या केबिनमधला पंखासुद्धा बंद केलेला आहे, साहेब आत असताना. तर कॉम्प्युटर शिस्तीत बंद केला, पिन काढली, चपला घातल्या आणि भुरीबाईंकडे गेलो.

रेडिओ स्वच्छ. सोयाबीनच्या साठवणुकीवर कोणी साहेब बोलत होते, शब्दन् शब्द कळत होता.

"आता होतं जी!" लालसिंग म्हणाला.

"असेल," मी म्हणालो. हेडक्लार्क 'असेल' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ समोरच्याला कळतो. भुरीबाईंचा चेहरा उतरला. मी घरी आलो, पिन लावली, कॉम्प्युटर चालू केला आणि कुणा एका कन्येच्या गोत्रापर्यंत पोचलो नाही, तोच लालसिंग पुन्हा दारात. "काकाजी, सुरू झालं!"

मी पुन्हा सगळं बंद करून गेलो. पुन्हा स्वच्छ.

असं बरेच दिवस चाललं. मला वाटू लागलं की या घराला माझी थट्टा करायची आहे. त्यांना वाटू लागलं की मला त्यांचं खोटं वाटतं. दरम्यान सगळी गल्ली कामाला लागली. राजदीप म्हणाला, हा मोबाइलच्या टॉवरचा दोष आहे. पण टॉवर दिवसभर असतो, आवाज संध्याकाळीच का, असं विचारल्यावर म्हणाला, "सांजच्याले लोकं जास्त बोलतात जी." शेजारच्या हंसाबाईंनी रेडिओला दृष्ट लागली म्हणून निंबू-मिरची बांधली, ती एरियलला बांधल्यामुळे एरियल वाकला. गल्लीतलाच रामसिंग म्हणाला, अर्थिंग नाही. त्यानं अंगणात सळई ठोकून तिच्यावर रोज बादलीभर पाणी ओतायला लावलं. सळईजवळ पुदिना छान आला.

शेवटी अर्ज. तो टाइप करायला मी एक अख्खी दुपार आणि संध्याकाळ घेतली, कारण 'खरखर' हा शब्द शासकीय वाटेना. 'ध्वनिव्यत्यय' सुचायला चहा तीनदा लागला. मागाहून कळलं की त्या दिवशी भुरीबाईंच्या रेडिओत सगळ्यात वाईट खरखर झाली. दुपारपासून रात्रीपर्यंत, अखंड.

अर्ज घेऊन मी वीज कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, "हे रेडिओचं हाय, आमचं नाही." रेडिओ केंद्राला फोन केला, ते म्हणाले, "आमच्याकडून आवाज साफ जातो, तुमच्या विजेचं पाहा." मी पुन्हा वीज कार्यालयात. साहेबांनी पोस्टखात्याकडे बोट दाखवलं. म्हणे पूर्वी रेडिओची लायसन्सं त्यांच्याकडे असत. पोस्टातला माणूस माझ्याकडे इतक्या दयेनं बघू लागला की मी तिथून एक आंतरदेशीय पत्र विकत घेऊन परतलो, रिकाम्या हातानं येणं बरं दिसेना.

तरी मी हटलो नाही. माझ्या अर्जाला आजवर कोणी 'आमचं नाही' म्हणालं नव्हतं. इतक्या खेपा घातल्या की वीज कार्यालयाचे साहेब एका संध्याकाळी स्वतः लाइनमनला घेऊन पाहणीला आले. तक्रारदार हजर पाहिजे, म्हणून मला घरून बोलावणं आलं. मी कॉम्प्युटर बंद केला, पिन काढली, स्वच्छ शर्ट घातला आणि गेलो.

रेडिओ इतका स्वच्छ की निवेदकानं श्वास घेतलेला ऐकू आला.

साहेबांनी बराच वेळ रेडिओकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्यांनी माझ्याच अर्जावर शेरा मारला: 'तक्रारदारासमक्ष तपासणी केली. तथ्य आढळले नाही.' मी नोकरीत असताना असे शेरे दुसऱ्यांच्या अर्जांवर शेकड्यांनी मारलेले आहेत. स्वतःच्या अर्जावर तो वाचताना कसं वाटतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं. घरी येऊन मी इंदूला म्हणालो, "आपण आता या भानगडीत पडायचं नाही." इंदू म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, "बुढीच्या नवऱ्याची आठवन हाय ते, अन् तुमी शेऱ्याचं धरून बसले." तिचं म्हणणं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

मग मी शेवटचा शास्त्रीय उपाय केला. तो रेडिओच एका संध्याकाळी माझ्या घरी आणला. दोष यंत्रात आहे की जागेत, हे त्यावरून कळणार होतं. परीक्षा काटेकोर व्हावी म्हणून घरातला प्रत्येक आवाज मी आधी बंद केला: पंखा, मिक्सर, फ्रिज, कॉम्प्युटर. इंदूला भांडी घासू दिली नाहीत. रेडिओ लावला. वा! काय तो आवाज! मी छाती फुगवून जाहीर केलं की आख्ख्या गल्लीत विजेच्या दृष्टीनं सगळ्यात निर्दोष घर माझं आहे.

आता यावरून कोणाही विचारी माणसानं काय निष्कर्ष काढला असता? लालसिंगनं तोच काढला.

"काकाजी," तो म्हणाला, "तुमच्या ध्यानात आलं का एक? तुमी आमच्या घरी आले का आवाज बंद होते. तुमी गेले का सुरू होते. तुमच्या घरी रेडिओ नेला त तितं आवाजच नाही. हे विजेचं नाही जी. तुमचा पायगुण हाय."

मी हसलो. मग रात्री जेवताना मी हसणं थांबवलं आणि विचार केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावून खात्री करून घेतली. मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि रेडिओ साफ. "पाहा!" हंसाबाई म्हणाल्या. मी मागे वळून घरी गेलो, कामाला बसलो, तर खरखर. आता डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टीला नाही कसं म्हणायचं? सगळं आयुष्य मी पुराव्यावर काढलेलं आहे.

तेव्हापासून माझ्या आयुष्याला वेगळंच वळण लागलं. संध्याकाळी भुरीबाईंच्या घरी माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवली जाऊ लागली. मी बसायचो, रेडिओ वाजायचा, भुरीबाई डोळे मिटून ऐकायच्या. पुस्तिकेचं काम मी सकाळवर ढकललं. हंसाबाईंनी मला त्यांच्या चार्जिंग न धरणाऱ्या इन्व्हर्टरजवळ उभं केलं. रामसिंगनं शेतात बोअर मारायच्या जागेवर नेलं आणि नुसतं उभं राहायला सांगितलं. पाणी लागलं, हे सांगायला मला संकोच वाटतो. इंदू म्हणाली, "घरातल्या नळालेच काहून तुमचा गुण येत नाही?" पण घरच्या माणसाला किंमत नसते, हे मोठमोठ्या लोकांच्या बाबतीतही घडलेलं आहे.

तो रविवार आला.

सकाळपासून लालसिंगच्या घरी तांड्यावरची माणसं येत होती. भुरीबाईंची लेक संगीता मुकुटबनहून आली. अंगणात सतरंज्या, स्टुलावर रेडिओ, शेजारी भावसिंगचा हार घातलेला फोटो, आणि फोटोच्या दुसऱ्या बाजूला माझी खुर्ची. खुर्चीवर नवा टॉवेल. एवढा मान मला निवृत्तीच्या समारंभातही मिळाला नव्हता.

अडचण एकच. पुस्तिकेचं शेवटचं प्रूफ दुसऱ्या दिवशी छापखान्यात द्यायचं होतं आणि आडनावं तपासायची राहिली होती. मी इंदूला खुर्चीवर बसवलं, कॉम्प्युटर तिच्या हवाली केला आणि म्हणालो, "मी येईपर्यंत आडनावं वाचून काढ. कुठे हात लावू नको, फक्त वाच." लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी घरातलं एखादं यंत्र चालू ठेवून बाहेर पडलो.

मी गेलो. संगीतानं मला टिळा लावला. मी टॉवेलवर बसलो आणि लालसिंगनं रेडिओ लावला.

घर्रर्रर्र.

मी आयुष्यात एवढी मोठी खरखर ऐकली नव्हती. माझ्या उपस्थितीत तर कधीच नाही. आख्खं अंगण आधी रेडिओकडे पाहू लागलं, मग माझ्याकडे.

"काकाजी, थोडं जवळ सरका," लालसिंग म्हणाला. मी सरकलो.

"हात ठेवा त्याच्यावर." मी हात ठेवला. "दुसरा बी ठेवा."

मी दोन्ही हात ठेवले. खरखरीच्या आत कुठेतरी निवेदकबाई म्हणाल्या, "... भुरीबाई भावसिंग ..." आणि पुढचं दळणात गेलं. भुरीबाई फोटोकडे पाहत बसल्या होत्या. रेडिओतून त्यांचा आवाज आला, म्हणजे आवाज असल्यासारखं काहीतरी आलं, आणि बुडालं. मला खरोखर रडू येऊ लागलं. एवढ्या दिवसांचा विश्वास या बाईनं माझ्यावर टाकला होता आणि मी रेडिओला मिठी मारून बसलो होतो.

"चपला कोन्त्या घातल्या?" गर्दीतून कोणी विचारलं. "नव्या हायेत वाट्टे!" चपला काढून पाहिल्या. काही नाही.

मग हंसाबाई बोलल्या. "सदाशिवभाऊ, राग नका येऊ देजा. एक डाव तुमी जरा भाईर जाऊन पाहा बरं."

मी अंगणाच्या फाटकापर्यंत गेलो. खरखर तशीच. "अजून थोडं," लालसिंग ओरडला. मी रस्त्यावर आलो. "अजून!" टिळा लावलेला मी, अनवाणी, गल्लीतून मागे मागे चालत होतो, आणि मागून माणसं हात हलवत होती, ट्रक मागे घेताना क्लीनर हलवतो तसे. असा चालत मी माझ्याच घराच्या फाटकाशी आलो.

खिडकीतून इंदूनं मला पाहिलं. आडनावं वाचायची सोडून ती त्या कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डाव मांडून बसली होती, हे मला मागाहून कळलं. मी येताना दिसताच तिनं घाबरून बोर्डाचं बटन पाडलं.

आणि लालसिंगच्या अंगणातून एकच गलका उठला: "झालं! साफ झालं! काकाजी, तितेच उभे राहा! हलू नका!"

मी तिथेच उभा राहिलो. उभा राहिलो आणि खिडकीतून इंदूच्या हाताकडे पाहिलं. तिचा हात अजून बटनावर होता.

"काय केलंस?" मी विचारलं.

तिला वाटलं, यंत्र बंद का केलं म्हणून मी रागावलो. "लावतो ना जी, कायले ओरडता!" म्हणत तिनं बटन पुन्हा दाबलं. यंत्र घुरघुरत उठलं, आणि तिकडून किंकाळ्या: "हलू नका म्हनलं ना, काकाजी!"

"बंद कर!" मी ओरडलो.

तिनं बंद केलं. अंगण शांत झालं. एवढं शांत, की मला कळलं आत गाणं चालू आहे आणि सगळे ऐकताहेत. फाटकापर्यंत मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी अनवाणी उभा होतो आणि डोक्यात सगळे दिवस उलटे फिरत होते: पिन काढणारा मी, शर्ट घालणारा मी, 'ध्वनिव्यत्यय' शोधत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसलेला मी. साहेबांचा शेरा तेवढा शब्दशः खरा होता. तक्रारदारासमक्ष तथ्य आढळणं शक्यच नव्हतं.

गाणं संपेपर्यंत मी हललो नाही. निदान अर्धं तरी त्यांना साफ मिळालं.

रात्री पियुषला फोन केला. तो हसत सुटला. "बाबा, त्या डब्यातला पॉवर सप्लाय अगदी हलका आहे, तोच तारेवाटे आवाज फेकत असणार, आणि मीडियम वेव्हचा जुना रेडिओ तो लगेच पकडतो. नवा पाठवतो, लावून घ्या." म्हणजे दोष सापडला, उपायही सापडला. सकाळी मी सरळ भुरीबाईंकडे गेलो. घरातली सगळी चहाला बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: खरखर माझ्या कॉम्प्युटरची होती, पहिल्या दिवसापासून.

मग लालसिंग अगदी मायेनं म्हणाला, "जाऊ द्या काकाजी. कायले त्या मशीनचं नाव बदनाम करता? कांप्युटर राजदीपच्या दुकानात बी हाय. तो कुठं आवाज करते?"

मी सगळ्यांना माझ्या घरी नेलं. रेडिओ कॉम्प्युटरजवळ ठेवला, बटन दाबलं. घर्रर्र. "पाहा!" मी म्हणालो.

"पन तुमी बी त इथंच उभे हा," हंसाबाई म्हणाल्या.

मी बाहेर रस्त्यावर गेलो. इंदूनं बटन दाबलं. घर्रर्र. मी विजयानं आत आलो. रामसिंगनं मान हलवली. "कांप्युटर कोनाचा? तुमचा. रोज कोन बसते त्याच्याजवळ? तुमी. लागला असन तुमचा गुण त्याले. एका घरात राहून मानसाचं मानसाले लागते, ते त बिचारं मशीन हाय." आणि जाता जाता तो म्हणाला, "बोअरचं पानी बी खारट निंगालं, तुमाले सांगाचं राहूनच गेलतं."

मी कचेरीत इतकी वर्षं काढली, पण निर्दोष सिद्ध व्हायला गेलेल्या माणसाला असा दुहेरी दोषी ठरवलेलं पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात कळलं की कार्यक्रम गुरुवारी पुन्हा लागणार. लालसिंग नारळ घेऊन आला. "काकाजी, लय दिवस झाले असतीन नाही, तुमी चिंतामणीच्या दर्शनाले गेले नाही? गुरुवारी कळंबले जाऊन या ना. दुपारच्या बसनं जा, आरामात सांजच्याले... उशिराच येजा." त्याच्या बोलण्यात एवढी अदब होती की मला भांडताही आलं नाही. गुरुवारी मी निघालो. निघताना सवयीनं दिवा, पंखा, कॉम्प्युटर बंद केला, बटन पाडलं, पिन काढली. आणि फाटकाशी पोचल्यावर लक्षात आलं की मी माझ्याच हातांनी त्यांच्या सिद्धांताला पुरावा देऊन चाललो आहे. परत जाऊन तो चालू करावा, असा एक दुष्ट विचार मनात आला. पण भुरीबाई आठवल्या आणि मी बसमध्ये बसलो.

कळंबला, देवळाबाहेरच्या बाकावर बसून मी नारळाचं खोबरं खात होतो, तेव्हा लालसिंगचा फोन आला. मागे आनंदाचा कल्ला. "काकाजी! एकदम साफ! सुरुवातीपासून शेवटपर्यंत! लय उपकार झाले तुमचे!" मी हद्दपार होऊन लोकांवर उपकार करणारा माणूस झालो होतो. ते गाणं सगळ्या गल्लीनं दोनदा ऐकलं. एकट्या मला माहीत नव्हतं त्यात आहे काय.

होळीच्या आदल्या दिवशी भुरीबाई वाटीभर लापशी घेऊन आल्या. इंदूनं त्यांना आत बसवलं. टेबलावर पियुषनं पाठवलेल्या नव्या पॉवर सप्लायचं खोकं पडलं होतं. राजदीप संध्याकाळी येऊन बसवून देणार होता.

"ऐकलं ना शेवटी मनासारखं?" मी विचारलं. आवाजात थोडा कडवटपणा आलाच.

"ऐकलं," त्या म्हणाल्या आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. "पन एक सांगू का भाऊ? गुरुवारी मले गमलं नाही, जीव रमला नाही. सारे उगेमुगे बसले. रेडिओ बी उगामुगा. एकटी मीच गाऊन राह्यली. मले वाटे, हे कोनाची बाई गाते."

इंदू हातातलं काम टाकून त्यांच्याजवळ येऊन बसली.

"आन् त्या रविवारी," भुरीबाई म्हणाल्या, "मी सुरू केलं का हे घर्रर्र. थोडं गाते का पुन्हा घर्रर्र. मी फोटोकडे पाहो. म्हनो, अवो, आज तरी पुरं ऐकू द्या. जितेपनी बी असंच करत." त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग हसल्या. "उद्या होळीचं म्हून तिसऱ्यांदा लावनार हायेत. लालसिंग तुमाले पुन्हा कळंबले धाडाचं म्हनते. तुमी नका जाऊ भाऊ. कांप्युटर असो का तुमचा गुण असो, मले काय त्याचं? तुमी घरीच राहा."

संध्याकाळी राजदीप पिशवी घेऊन आला. मी त्याला म्हणालो, आज नको, सण झाल्यावर ये.

होळीच्या दिवशी कार्यक्रमाच्या वेळेला मी कॉम्प्युटर चालू करून बोर्डाजवळ उभा राहिलो. आमच्या घरी रेडिओ नाही, म्हणून इंदू तिच्या मोबाइलवर कार्यक्रम लावून माझ्या शेजारी बसली. मोबाइल इंटरनेटवर चालतो, त्याला ही खरखर लागत नाही; तिथे मी पहिल्यांदा भुरीबाईंचा ढावलो ऐकला. शब्द त्यांच्या बोलीतले होते, सगळे कळले नाहीत. एवढं कळलं की कोणी पोर बापाला विचारते आहे, मला घराबाहेर काढलंस, आता संध्याकाळी तुझ्याशी बोलणार कोण. मला अलीकडेच घराबाहेर काढलेलं असल्यामुळे ते सरळ काळजाला भिडलं.

पहिलं कडवं संपलं, तसं मी बटन बंद केलं. दुसरं निम्म्यावर आलं, तेव्हा पुन्हा दाबलं. लालसिंगच्या अंगणातून या खेपेला आरडाओरडा झाला: "काकाजी घरीच हायेत वाट्टे! कोनी तरी जाऊन पाहा रे!"

मग भुरीबाईंचा आवाज आला, रेडिओतला नव्हे, अंगणातला, ठणठणीत. "बसा रे खाली! बोलू द्या त्याहिले."

मी बटन थोडं बंद केलं, थोडं चालू. इंदू म्हणाली, "आता पुरे, शेवटचं तरी ऐकू द्या तिले." मी हात काढून घेतला आणि पिनही उपटून ठेवली.